विकास आराखडा कोण वाचतो? नगररचनाकारांच्या संघटना आणि आपलं घर

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि 'कागदपत्र हरवले'च्या जाहिरातींच्या गर्दीत, कधीतरी एक चौकट येते. 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ अन्वये प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करण्यात येत असून' अशी सुरुवात, मग संपता न संपणारं वाक्य, आणि शेवटी 'हरकती व सूचना लेखी स्वरूपात सादर कराव्यात'. बहुतेक घरांत ते पान तसंच उलटलं जातं आणि संध्याकाळी त्यावर भाजी निवडली जाते.

मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडचा प्रारूप आराखडा आला आणि गावठाणांपासून सोसायट्यांपर्यंत एकच धावपळ उडाली. त्याच वर्षी पुणे महानगर प्रदेशाचा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला आराखडा अंतिम न होताच रद्द झाला. बातम्यांमध्ये 'आरक्षण', 'डीपी रस्ता', 'हरकती' हे शब्द रोज येतात. पण हा आराखडा वाचायचा कसा, आणि आपल्या बाजूनं तो कोण वाचतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

मला ते कळलं आमच्या शेजारच्या काकूंमुळे. आमच्या शहराचा प्रारूप आराखडा आला तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, 'तुमच्या बिल्डिंगमधून रस्ता जातोय.' संबंधित कार्यालयाच्या भिंतीवर नकाशे डकवलेले होते. समोर गर्दी, नकाशावर इमारतींची नावं नाहीत, सूची अगदी बारीक अक्षरात. काकू माझा हात धरून विचारत होत्या, "अरे, आपली बिल्डिंग कुठंय यात?" मला सापडेना.

त्या रविवारी शहरातल्या आर्किटेक्ट आणि इंजिनीअरांच्या संघटनेनं एका शाळेच्या वर्गात मोफत 'नकाशा वाचन' ठेवलं होतं. बाकांवर नकाशे पसरलेले. एक सेवानिवृत्त नगररचनाकार स्टीलची पट्टी आणि भिंग घेऊन बसले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, सर्व्हे नंबर काय तुमचा? बिल्डिंगचं नाव नको, नंबर सांगा." काकूंनी पिशवीतून सातबाराची प्रत काढली. दोन मिनिटांत जागा सापडली. नकाशा १:२५०० प्रमाणाचा होता, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर २५ मीटर. त्यांनी रस्त्यावर पट्टी आडवी ठेवली. सात मिलिमीटर. "साधारण अठरा मीटर," ते म्हणाले. मग सोबतच्या अहवालातला तक्ता उघडला. तिथे त्याच रस्त्याची रुंदी बारा मीटर लिहिलेली होती. आणि ज्या जागेवर काकू पंचवीस वर्षं राहत होत्या, ती नकाशात मोकळी जमीन म्हणून रंगवलेली होती.

एका पट्टीनं जे दिसलं ते आम्हा दोघांना भिंतीसमोर दोन तास उभं राहूनही दिसलं नव्हतं.

आराखडा म्हणजे कापडावरची खडूची रेघ

शिंपी कापड कापण्याआधी त्यावर खडूनं आखतो. बाही इथे, गळा इथे, शिलाईसाठी एवढं सोडायचं. खडू आहे तोवर हातानं झटकला की रेघ जाते. कात्री चालली की मग जोड देण्याशिवाय काही हातात राहत नाही.

विकास आराखडा, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात तो, शहराच्या जमिनीवरची अशीच आखणी. कायद्यात त्याला 'विकास योजना' म्हणतात. महाराष्ट्रात तो १९६६ च्या कायद्यानुसार होतो, आणि साधारण वीस वर्षांतून एकदा त्याची फेरआखणी व्हावी असं त्या कायद्यात आहे. आपल्याकडची ही परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच झाला होता आणि तो देशातला पहिला होता.

आराखड्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली, झोन: कुठे राहायचं, कुठे दुकानं, कुठे कारखाने, कुठे शेती राहू द्यायची. जमीन तुमच्या नावावर असली तरी तिच्यावर काय करता येईल हे झोन ठरवतो. दुसरी, आरक्षण: ही जागा शाळेसाठी, ही बागेसाठी, ही दवाखान्यासाठी, हा रस्ता. आरक्षण पडलं म्हणजे जमीन लगेच जाते असं नाही. मालकी तुमचीच राहते, पण तिचा मनासारखा वापर थांबतो. दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांतही संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. गावोगावी बागेच्या नावानं रंगवलेल्या जागांवर इमारती उभ्या दिसतात, त्यातल्या अनेकांमागे हीच गोष्ट असते. महापालिकेकडे पैसे नसतात, मुदत टळते आणि बाग हातची जाते.

या सगळ्याच्या आधी एक पायरी असते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आज प्रत्यक्षात कुठे काय आहे याचा नकाशा. त्याला 'विद्यमान जमीन वापर नकाशा' म्हणतात. मापच चुकलं तर शिंपी कितीही हुशार असो, कपडा बिघडणारच. काकूंची इमारत ज्या नकाशात मोकळी दिसली तो हाच.

पोळीचा गोळा आणि एफएसआय

एक शब्द टाळता येत नाही: एफएसआय, मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचं ते प्रमाण. पोळीच्या गोळ्यासारखं समजा. गोळा तेवढाच. मोठी पातळ पोळी लाटा किंवा लहान जाड भाकरी थापा, पीठ वाढत नाही. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर एफएसआय एक असेल तर एकूण बांधकाम हजार चौरस फूट. तळमजला पाचशेचा केलात तर दोन मजले होतात.

एफएसआय वाढवला म्हणजे गोळाच मोठा केला. घरं वाढली, ठीक. पण पाण्याची पाइपलाइन, गटार, शाळेतल्या जागा आणि रस्ता तेवढाच राहिला तर? जमिनीच्या जबाबदार वापराचा सगळा प्रश्न इथेच आहे. जमीन किती पिळायची आणि त्या बदल्यात शहराला काय द्यायचं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे. ती शेकडो पानांची आहे. त्यातल्या एका ओळीच्या बदलानं एखाद्या शहराची उंची बदलू शकते. ती ओळ कुणीतरी वाचायला हवी.

मग या संघटना कोण?

इथे बराच घोळ होतो, म्हणून सावकाश सांगतो.

काही संस्था कायद्यानं बनलेल्या असतात. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याखालची. तिच्याकडे नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि गैरवर्तनासाठी ती नोंदणी काढूही शकते. वकिलांच्या बार कौन्सिलसारखंच.

दुसऱ्या म्हणजे व्यावसायिकांनी स्वेच्छेनं काढलेल्या संस्था. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सची मुळं मुंबईत, १९१७ सालातली. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही नगररचनाकारांची संस्था १९५१ ची. ती परीक्षा घेते, सदस्यत्व देते, वर्तनाचे नियम घालते. नगररचनाकारांसाठी मात्र आर्किटेक्टांसारखा वेगळा कायदा देशात नाही. म्हणजे तुमच्या घराचा नकाशा काढणारा नोंदणीकृत असावा लागतो, पण लाखो लोकांच्या शहराचा नकाशा काढणाऱ्या पेशाला कायद्याची तशी चौकट नाही. मला हे फार खटकतं.

तिसऱ्या बांधकाम व्यावसायिकांच्या, म्हणजे बिल्डरांच्या संघटना. क्रेडाई हे सगळ्यांना माहीत असलेलं नाव. आपल्या धंद्याची बाजू मांडणं हे त्यांचं उघड काम आहे.

आणि यांच्या मधोमध बसणारा एक प्रकार आहे. १९३६ साली अमेरिकेत सुरू झालेली अर्बन लँड इन्स्टिट्यूट त्यातली. तिथे बिल्डर, बँकवाले, नगररचनाकार, आर्किटेक्ट आणि सरकारी अधिकारी एकाच छताखाली सदस्य असतात. १९४७ पासून ती एक वेगळी पद्धत चालवते. एखाद्या शहराला अवघड जागेचा प्रश्न असला की बाहेरगावचे तज्ज्ञ सदस्य, स्वतः मानधन न घेता, काही दिवस तिथे जाऊन राहतात, स्थानिक लोकांना भेटतात आणि शेवटी आपलं मत सगळ्यांसमोर जाहीरपणे मांडतात. घरातल्या वाटणीच्या वादात भावकीतला एखादा जाणता, ज्याला वाटणीत काही मिळायचं नाही असा माणूस बोलावतात ना, तसं.

आपल्याकडे कायद्यानंही तज्ज्ञांसाठी एक खुर्ची ठेवली आहे. आराखड्यावर हरकती आल्या की त्या ऐकायला कलम २८ खाली नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, या विषयातले किंवा पर्यावरणातले जाणकार चारपर्यंत. तुमच्या शहरातल्या त्या खुर्च्यांवर कोण बसलंय, हे एकदा विचारून बघा.

एक हरकत, जिच्यातून शहर उभं राहिलं

बाहेरच्या व्यावसायिकांनी आराखडा वाचला की काय होऊ शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच दाराशी आहे.

१९६४ मध्ये मुंबई महापालिकेनं शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला आणि रीतीप्रमाणे सूचना मागवल्या. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनीअर शिरीष पटेल या तिघांनी तो वाचला. पटेल म्हणजे देशातला पहिला उड्डाणपूल मानल्या जाणाऱ्या केम्प्स कॉर्नरच्या पुलाचे अभियंते. तिघांपैकी कुणाचीही त्या आराखड्यात जमीन अडकलेली नव्हती. वयानं तरुण, आपापलं काम करणारी माणसं.

त्यांना काय दिसलं? मुंबई हा उत्तर-दक्षिण चिंचोळा पट्टा. कचेऱ्या दक्षिण टोकाला, घरं उत्तरेकडे सरकत चाललेली. सकाळी सगळ्या गाड्या एकाच दिशेनं भरून येणार, संध्याकाळी उलट. आराखडा याच रचनेला ठिगळं लावत होता. तिघांचं म्हणणं असं की ही दिशाच बदला. खाडीपलीकडे, पूर्वेला, मुख्य भूमीवर दुसरं शहर वसवा, तिथे रोजगार न्या, सरकारी कार्यालयं न्या. उत्तर-दक्षिण ताण पूर्व-पश्चिम होऊ द्या.

कल्पना पूर्णपणे त्यांचीच होती असं म्हणणं चूक ठरेल. मुख्य भूमीवर वसाहत करावी असं स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटानं आधीच सुचवलं होतं, आणि पुढे धनंजयराव गाडगीळ समितीनंही गर्दी विकेंद्रित करण्याचाच सल्ला दिला. पण या तिघांनी ती नकाशासकट, पैशाच्या हिशोबासकट मांडली. १९६५ मध्ये 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकानं त्यावर अंक काढला, आणि विषय दिवाणखान्यांत, वर्तमानपत्रांत, मंत्रालयात पोचला. पैशाचा मुद्दा साधा होता. शेतजमीन सार्वजनिक ताब्यात घ्यायची, रस्ते-पाणी करायचं, किंमत वाढलेले भूखंड विकायचे आणि त्यातूनच पुढचं शहर उभारायचं. हे शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, उभारायला मार्च १९७० मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट, पटेल नियोजन आणि बांधकामाचे प्रमुख.

आज वाशी-बेलापूर-खारघरमध्ये राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांना ठाऊक नसेल की आपल्या शहराची सुरुवात 'हरकती व सूचना'मधल्या एका सूचनेपासून झाली.

सगळं मात्र घडलं नाही. मंत्रालय मुंबईतच राहिलं. एकीकडे नवं शहर आखलं जात असताना दुसरीकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत होते, म्हणजे ज्या टोकावरचा भार कमी करायचा तिथेच तो वाढत होता. तज्ज्ञ दिशा दाखवू शकतात. सही करणारा हात त्यांचा नसतो.

पण त्या रेघेखाली शेतं कुणाची होती?

इथे रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. कोऱ्या कागदावर शहर काढणं सोपं. तो कागद कोरा नव्हता. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड, जिल्ह्यातली ९५ गावं त्या आखणीत आली. आगरी-कोळी-कराडी समाजाची भातशेती, मिठागरं, मासेमारी. त्यांच्या दृष्टीनं शहराचं स्वप्न म्हणजे संपादनाची नोटीस होती.

जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासई आणि दास्तान फाटा इथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा. आज भूसंपादनाच्या चर्चेत जे तत्त्व गृहीत धरलं जातं, ते कुठल्या संघटनेच्या परिसंवादात सुचलेलं नाही. त्यासाठी माणसं गेली.

म्हणून मला वाटतं, 'जबाबदार जमीन वापर' हे शब्द एखाद्या संस्थेच्या तोंडी आले की पहिला प्रश्न विचारावा, जबाबदारी कुणाप्रति? पुढच्या पिढीच्या हवेपाण्याप्रति की आज तिथे नांगर धरणाऱ्याप्रति? चांगल्या नियोजनाला दोन्ही सांभाळावं लागतं, आणि ते जमतं. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. सगळीकडे तसंच होईल असं नाही. तिथे एका गावकीतला विश्वास होता आणि शहर अगदी वेशीवर आलं होतं.

"एवढ्या हरकतींनी काही होतं का?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उत्तर: होतं, पण केवळ संख्येनं नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, सुटून गेलेल्या वारसा वास्तू, चुकीच्या नोंदी यांवर गदारोळ झाला. हरकती-सूचनांचा आकडा ६५ हजारांच्या घरात गेला. एप्रिलमध्येच तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्यानं करायला सांगितलं. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला.

लोकांच्या लक्षात राहिला तो गदारोळ. पण त्याआधीची दोन-तीन वर्षं महत्त्वाची होती. विद्यमान जमीन वापराचे नकाशे आले तेव्हाच अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या, १९८४ पासून काम करणाऱ्या, संस्थेनं आर्किटेक्ट, नगररचनाकार आणि वॉर्डांमधले नागरिक गट यांना एकत्र बसवून चुका शोधायला सुरुवात केली होती. त्यामुळे आराखडा आला तेव्हा लोकांच्या हातात 'आम्हाला हा मान्य नाही' याहून जास्त काहीतरी होतं. कुठल्या पानावर, कुठल्या जागी, काय चुकलंय ते होतं.

गोव्यात याहून पुढची गोष्ट घडली. ऑगस्ट २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला आणि डोंगरउतार, खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या) जमिनी, वनं यांवर वस्तीचे रंग चढलेले दिसले. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, त्यात आर्किटेक्ट होते, डॉक्टर होते, गावचे लोक होते. जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. नवा आराखडा करायला जे कृती दल नेमलं त्यात मूळचे गोव्याचे चार्ल्स कोरिया आणि केंद्राचे माजी मुख्य नियोजक एडगर रिबेरो होते. मला त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. गावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले आणि ग्रामसभांनी त्यावर आपलं म्हणणं कळवलं. तज्ज्ञाला उतार किती अंशांचा ते कळतं. पावसाळ्यात पाणी कुठून उतरतं ते गावातल्या माणसाला माहीत असतं.

तरी गोव्याचा प्रश्न मिटला नाही. तो आराखडाही २०१२ मध्ये बासनात गेला. पुढे 'चूक दुरुस्ती'च्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट कायद्यात निघाली, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्यासाठीचे नियम रद्द केले. महाराष्ट्रातही मंजूर आराखड्यात फेरबदलाचं कलम ३७ आहेच. आखणी एकदा झाली की काम संपलं, असं इथे कधीच होत नाही.

"हे सगळे बिल्डरांचेच लोक ना?"

संशय निराधार नाही. आर्किटेक्टचं पोट कुणावर चालतं? बहुतेक वेळा बांधणाऱ्यावर. एखादी व्यावसायिक संघटना एफएसआय वाढवा म्हणते तेव्हा ती शहराच्या भल्याचं बोलतेय की आपल्या अशिलांच्या, हे ओळखणं कठीण असतं.

मी स्वतः तीन गोष्टी बघतो. सदस्य कोण आणि पैसा कुठून येतो, हे संस्था उघड सांगते का. तिचं निवेदन सगळ्यांना वाचायला मिळतं की ते बंद दाराआड दिलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याच सदस्यांच्या खिशाला झळ बसेल असं ती कधी काही म्हणाली आहे का. नदीची पूररेषा पाळा, मैदानाचं आरक्षण उठवू नका, पार्किंगऐवजी बसला जागा द्या, असं बोललेली संस्था माझ्या लेखी विश्वासाची. फक्त परवानग्या लवकर द्या एवढंच मागणारी संस्था वाईट नसते, पण ती शहराच्या वतीनं बोलत नसते.

बिल्डरांना चर्चेतून बाहेर ठेवा असंही मी म्हणणार नाही. घरं शेवटी तेच बांधतात, आणि कुठला नियम प्रत्यक्षात चालत नाही हे त्यांना आधी कळतं. फक्त कोण कुठल्या खुर्चीवरून बोलतोय हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असावं.

सरकारकडे नगररचनाकार असताना बाहेरच्यांची गरज काय?

कारण ते पुरेसे नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात हे आकड्यांत आलंय. देशातल्या राज्यांच्या नगररचना विभागांत १२ हजारांहून अधिक नगररचनाकार लागतील, मंजूर पदं चार हजारांहून कमी, आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी. ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांकडे आराखडाच नाही. सातशे रुग्णांच्या रुग्णालयात दोन डॉक्टर असले तर ते वाईट डॉक्टर आहेत म्हणून रुग्ण दगावत नाहीत. काकूंची इमारत नकाशात सुटली त्यामागे मला कुणाचा डाव दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून रेघा मारल्या गेल्या आणि जागेवर जाऊन बघायला माणूस नव्हता, एवढंच झालं असणार.

व्यावसायिक संघटना ही रिकामी पदं भरू शकत नाहीत. पण त्या दुसरी नजर देऊ शकतात, आणि मागणी लावून धरू शकतात की पदं भरा, तालुक्याच्या गावांनाही नगररचनाकार द्या. मोठ्या शहरांकडे निदान बोलणारी माणसं असतात. पन्नास हजार वस्तीच्या नगरपरिषदेचा आराखडा येतो तेव्हा भिंग घेऊन बसणारं तिथे कुणी नसतं.

तुमच्या शहराचा आराखडा आला तर

आधी आपला सर्व्हे, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर काढून ठेवा आणि त्या भागाचा नकाशा मागा. सुरुवात प्रस्तावित नकाशापासून करू नका. विद्यमान जमीन वापराचा नकाशा पाहा, कारण तिथली चूक पुढे सगळीकडे उतरते. मग नकाशा आणि अहवालातला तक्ता शेजारी ठेवून जुळवा. मुदत नोटिशीत दिलेली असते. ती टळली की तोंडी आश्वासनांना किंमत नाही.

हरकत लिहिताना नंबर, नकाशाचं शीट, काय दाखवलंय, प्रत्यक्षात काय आहे, काय बदल हवा आणि पुरावा कुठला, एवढं पानभरात बसवा. सोसायटीनं एकच मजकूर शंभर प्रतींत देण्यापेक्षा दहा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा हरकती जास्त ऐकल्या जातात असा माझा अनुभव आहे. सुनावणीची मागणी त्यातच लिहा. पोच घ्या, शिक्क्यासकट. आणि शहरात आर्किटेक्ट, इंजिनीअर किंवा नगररचनाकारांची जी काही संघटना असेल तिला फोन करून विचारा, 'नकाशा वाचायला बसणार आहात का?' पुष्कळदा ते बसायला तयार असतात, कुणी विचारत नाही.

काकूंच्या सुनावणीला मी सोबत गेलो होतो. समितीसमोर चार मिनिटं मिळाली. त्यांनी वीजबिल, करपावती, भोगवटा पत्र आणि तो पट्टीनं मोजलेला नकाशा टेबलावर मांडला. "साहेब, आम्ही इथे राहतो, आणि तुमच्याच तक्त्यात रस्ता बारा मीटरचा आहे," एवढंच बोलल्या. सुधारित नकाशात इमारत दाखवली गेली. रस्ता पंधरा मीटरचा झाला. तो आता कुंपणाची भिंत आणि पारिजातक घेतो, जिना सोडतो. काकूंनी पारिजातकाची दोन रोपं करून कुंड्यांत लावली आहेत, आणि पोचपावती देवाच्या फोटोमागे ठेवली आहे.